भर गावातली खाटीकआळी

कुवेतमध्ये पहिली कित्येक वर्षं मी एकाही रस्त्याचं नाव शिकले नाही आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. ब्लॉक अमुक, स्ट्रीट तमुक, घर नंबर ढमुक, एवढं टॅक्सीवाल्याला सांगितलं की तो दारात नेऊन उभा करायचा. मला ते फार आवडायचं. मी मूळची साताऱ्याची. आमच्याकडे कुणाचं घर विचारावं तर आधी पिठाची गिरणी, मग दत्ताचं देऊळ, मग ‘पूर्वी टांग्यांचा अड्डा होता तो कोपरा’, आणि पूर्वी म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. नसलेल्या अड्ड्यावरून माणसाने वळायचं कसं? त्यापेक्षा आकडे बरे, असं मी नवऱ्याशी तावातावाने बोलायची.

मी फिजिओथेरपिस्ट. राहायला रिग्गईत, नवरा सुलैबियातल्या एका कारखान्यात, आणि माझी नोकरी जाब्रियातल्या क्लिनिकमध्ये. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. दुपारपर्यंत क्लिनिक, आणि ज्यांना येणं जमत नसे त्यांच्या घरी संध्याकाळी जायचं. स्वभावाने मी तापट. गोड बोलून कुणाचे लुळे पाय हलत नाहीत, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. नवरा म्हणायचा, “तुझे पेशंट बरे होत नाहीत, तुला घाबरून पळतात.” पळतात ना? मग झालं तर.

अशीच एका संध्याकाळी जाब्रियातल्या एका जुन्या बंगल्यावर गेले. पेशंट इंग्रज होते, सत्तरीच्या आसपासचे. पुष्कळ वर्षं कुवेतमध्ये इंजिनिअर होते, निवृत्तीनंतरही इथेच राहिले होते. बायको केव्हाच वारली होती. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. ‘नो’ आणि एक अस्सल शिवी, एवढे दोनच शब्द शिल्लक होते. दार उघडलं ते त्यांच्या घरात स्वयंपाक, गाडी, बाग असं सगळंच बघणाऱ्या माणसाने. हे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले मुसलमान, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. मी त्यांना भाई म्हणायला लागले आणि ते मला ताई.

मी विचारलं, “पेशंट कुठे आहेत?”

“साहेब आता मिन्स्टरमदी निजतात, ताई,” भाई म्हणाले. “या, मिकलगेटनं सरळ चला. पुलावर जरा सांभाळून, ठेच लागंल. आणि तुमचं ते स्टूल शॅम्बल्समदी ठेवलंय.”

मला काही कळलं नाही. मिकलगेट म्हणजे व्हरांडा, आणि पूल म्हणजे तो संपून हॉल सुरू होतो तिथली एक पायरी निघाली. शॅम्बल्स म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेला चिंचोळा बोळ. मिन्स्टर म्हणजे मागची उंच खिडक्यांची खोली, जिथे साहेबांचा पलंग वरून खाली आणला होता. भाई ही नावं इतक्या सहज घेत होते की चौकशी करायची मलाच लाज वाटली.

दोन-तीन भेटींनंतर केली. साहेब यॉर्क नावाच्या गावचे. इंग्लंडमधलं हे जुनं तटबंदीचं शहर. बंगल्यात राहायला आल्यावर कधीतरी गमतीत त्यांनी घराच्या प्रत्येक भागाला आपल्या गावच्या रस्त्याचं नाव दिलं होतं, आणि तेही उगाच नाही. त्या शहरात वेशीतून शिरून मोठ्या देवळापर्यंत, म्हणजे मिन्स्टरपर्यंत, चालत गेलं तर जे रस्ते ज्या क्रमाने लागतात, त्याच क्रमाने ही नावं दारापासून मागच्या खोलीपर्यंत लावली होती. पाट्या वगैरे काही नव्हत्या. दोन माणसांचं घर, त्यात पाट्या कुणासाठी लावायच्या? वर्षानुवर्षं एकमेकांना ‘मीठ पेव्हमेंटवर राहिलं’, म्हणजे हॉलमधल्या टेबलावर, असं सांगून सांगून ती नावं पक्की झाली होती.

मला हसू आलं आणि जरा रागही आला. म्हातारबुवांना खेळायला हा बंगला मिळाला आणि भाईंना बिचाऱ्यांना विलायतेचा नकाशा पाठ करावा लागला, असं वाटलं. पण भाईंना ते ओझं वाटत नव्हतं. “गावच्या घरात माजघर म्हणत नाय काय? तसं,” ते म्हणाले.

साहेबांचं आणि माझं मात्र जमेना. मी त्यांना उभं करायची, चौपायी वॉकर डाव्या हातात द्यायची आणि मोजायला लावायची. वन, टू, थ्री. आकडे तरी तोंडात येतील अशी माझी आशा. ते “नो” म्हणायचे. मी आवाज चढवायची, ते शिवी द्यायचे. भाई स्वयंपाकघरातून डोकावून बघायचे आणि पुन्हा आत जायचे. महिनाभर असं चाललं. पायात जरा ताकद आली होती, पण माणूस चालत कसा नव्हता ते मला कळेना, आणि खरं सांगायचं तर मी हात टेकायच्या बेतात होते.

तेवढ्यात इंग्लंडहून मुलीचा फोन आला. ईदनंतर ती येणार होती. साहेबांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपत आला होता, बंगलाही सोडावा लागणार होता. तिने तिकडे समुद्रकाठच्या एका वृद्धाश्रमात खोली ठरवली होती. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं, की पेशंटला बोललेलं फारसं कळत नाही. मग विचारायचं तरी कुणाला? भाईंनी हे सगळं मला बोळात उभं राहून सांगितलं, आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

“त्यांना सगळं कळतं, ताई. रातीचं जेवण आवडलं नाय तर ताट अस्सं सारतात. खुळ्या माणसाला चव कळते काय? कुठं ऱ्हायचं ते त्यांच्या तोंडानं त्यांना सांगू द्या. मग ती पोर न्हेईल तिकडं न्हेऊ दे. पण त्यांच्या तोंडानं.”

“ते काय सांगतील असं तुम्हाला वाटतं?”

“यॉर्क. दुसरं काय सांगतील?”

मलाही तेच वाटलं. वाईट वाटलं आणि डोक्यात तिडीकही गेली. ज्याने आयुष्यभर पूल नि टाक्या बांधल्या, त्याला सामानासारखं उचलून नेणार, कारण त्याला एक शब्द सांगता येत नाही. मी तिथेच ठरवलं की ईदपर्यंत ह्या माणसाकडून तो एक शब्द काढायचाच.

आकडे नकोत तर रस्ते चालतील का बघू, असा विचार करून मी भाईंना ती नावं नीट समजावून द्यायला सांगितलं. दोन संध्याकाळी मी चहा पीत ऐकत बसले, आणि पलंगावरून साहेब आमच्याकडे बघत राहिले. भाईंना जेवढं आठवत होतं तेवढं ते सांगत होते, आणि नसेल आठवत तिथे बिनदिक्कत “अल्ला जाने” म्हणत होते. त्या शहरात रस्त्याला गेट म्हणतात आणि वेशीला बार. मिकलगेट म्हणजे नुसतंच ‘मोठा रस्ता’. पेव्हमेंट म्हणजे जिथे आधी फरसबंदी झाली ती जागा. बाकी गाव चिखलात असताना ह्या एका ठिकाणी पायाखाली दगड होते, त्याचंच लोकांना एवढं अप्रूप की तेच नाव पडलं. शॅम्बल्स म्हणजे मांस मांडायच्या फळ्या. खाटकांची गल्ली ती. दोन्हीकडची घरं वरून एकमेकांकडे इतकी झुकलेली की खाली मांसावर ऊन पडू नये. आणि टेलिफोनच्या तिपाईचा जो कोपरा होता, त्याला व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट असं लांबलचक नाव होतं, कारण एवढ्याशा कोपऱ्याला शहरातल्या सगळ्यात आखूड रस्त्याचं नाव दिलं होतं. त्याचा खरा अर्थ तिथेही कुणाला छातीठोकपणे सांगता येत नाही म्हणे.

“आणि हे कधीचं सगळं?” मी विचारलं.

“हजार वर्सांचं, साहेब म्हणायचे. दर्यावरनं लोकं आली, राज्य केलान, बुडाली. नावं ऱ्हायली.”

हे नसलेल्या टांग्याच्या अड्ड्याहून वाईटच होतं की. हजार वर्षं. फळ्या कुजून गेल्या, खाटीक गेले, ती भाषाही गेली, आणि जाब्रियात एक कोकणी माणूस अजून सांगतोय की स्टूल शॅम्बल्समध्ये ठेवलंय. मी तोवर नावांना फाजील लाड समजत होते. ती इतकी टिकतात, ह्याचा मी विचारच केला नव्हता.

भाईंनी त्या दिवशी आणखी एक सांगितलं. इराकी फौज कुवेतमध्ये शिरली तेव्हा साहेब रजेवर इंग्लंडला होते आणि भाई बंगल्यात एकटेच अडकले. तेव्हा गल्लीतल्या लोकांनी रस्त्यांच्या पाट्या काढून टाकल्या, घरांचे नंबर रंगवून पुसले, म्हणजे सैनिकांना यादीतलं घर सापडू नये. सगळं शहर बिननावाचं, बिनआकड्याचं झालं. “तरी शेजारच्या बाईची खबूस-रोटी रोज माज्या दारात येत होती,” भाई म्हणाले. “लोकांच्या डोक्यात रस्ते होते ना.” ज्या आकड्यांचं मी एवढं कौतुक करत होते ते लोकांनी एका रात्रीत पुसले होते आणि तरी कुणाची भाकरी चुकली नव्हती. मी त्या गल्लीतून रोज जात होते आणि मला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना दारापाशी नेऊन उभं केलं आणि म्हटलं, “मिकलगेट.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या मुस्काटात मारली होती. मग पाऊल टाकलं. आपणहून टाकलं. मिकलगेट संपवून ते पुलापर्यंत आले, थांबले, आणि पायरी चढले. तोंडातून आवाज नाही, पण ओठ हलत होते. भाई दारात उभे राहून तोंडावर हात घेऊन बघत होते.

आठवडाभर आम्ही असे चालत होतो. अडचण एकच, त्या चिंचोळ्या बोळात वॉकर वळेना. फ्रिज आडवा यायचा. मी भारी व्यवहारी. म्हटलं, शॅम्बल्स हलवू. दाराबाहेर कचऱ्याच्या डब्याशी भरपूर जागा आहे, तिथे नेऊ. आधी शॅम्बल्सपर्यंत बाहेर जायचं, मग परत वेशीतून आत यायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट ते जास्तच बरोबर वाटलं. आमच्याकडे खाटकांची वस्ती असते कुठे? गावाबाहेर, नाहीतर गावाच्या कडेला. शहाणी माणसं ती गावाच्या मध्ये कशाला ठेवतील?

मी साहेबांना हॉलमधून दाराकडे वळवलं आणि म्हटलं, “चला, शॅम्बल्स. वेशीच्या बाहेर.”

ते थांबले. मी कोपराला जरा ढकललं. ते हलेनात. चेहरा लाल होत गेला, मानेची शीर फुगली. मला वाटलं आता पुन्हा झटका येतो की काय, म्हणून मी खुर्ची ओढायला वळले.

“नो,” ते म्हणाले.

हे नेहमीचंच. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. डावा हात वॉकरवरून उचलून त्यांनी बोळाकडे केला. “मिडल,” ते म्हणाले. “इनसाइड. इन... द मिडल.” आणि मग माझ्याकडे बघून, एकेक अक्षर ओढून काढत, “शॅम्बल्स.”

स्वयंपाकघरात काहीतरी पडून फुटलं. भाई धावत आले. मी पुतळ्यासारखी उभी. पक्षाघात झाल्यापासून ज्या माणसाला पाणी म्हणता येत नव्हतं, चमचा म्हणता येत नव्हतं, त्याला एका बाईने आपल्या गावची खाटीकआळी वेशीबाहेर नेली हे सहन झालं नाही. त्या रागाने त्याच्या तोंडचं कुलूप उघडलं. कॉलेजात मी हे एका ओळीत शिकले होते, की वाचा गेलेल्या माणसाच्या आत गाणी, प्रार्थना, पाठ केलेल्या गोष्टी शाबूत राहू शकतात. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी. त्याची रोजची भाषा ढासळली होती आणि आत एक अख्खं गाव उभं होतं, रस्ते, पूल, वेस, सगळं जागच्या जागी. मला खरोखर नमस्कार करावासा वाटला, कुणाला ते माहीत नाही.

भाई मात्र माझ्याकडे बघून हसत होते. “ताई, आमचा मोहल्लापण खाडीच्या टोकालाच हाय. साहेब पयल्यांदा सांगायला लागले की खाटीक तिकडं भर बाजारात, देवळाच्या अलीकडं, तवा मीपण बोललो, साहेब, गप्पा मारू नका.” हसता हसता ते फुटलेलं गोळा करायला आत गेले. माझ्या डोक्यातलं गाव मी किती सहज दुसऱ्याच्या गावावर अंथरलं होतं, ते मला दिसलं होतं.

फ्रिज आम्ही दोघांनी मिळून हलवला. शॅम्बल्स जिथे होतं तिथेच राहिलं.

त्यानंतर शब्द यायला लागले, पण चालतानाच. बसलं की तोंड बंद. मिकलगेटवर पाऊल पडलं की “मिकलगेट”, पायरी आली की “ब्रिज”. मग नावाला जोडून बाकीचे शब्द येऊ लागले, फळी, दगड, नदी, बायकोचं नाव. टेलिफोनच्या कोपऱ्याचं ते लांबलचक नाव पहिल्यांदा पुरतं उच्चारलं त्या दिवशी साहेब इतके हसले की मला त्यांना धरावं लागलं. मीही हसले. माझा आवाज चढायचा बंद झाला होता, असं भाई म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही.

ईद झाली आणि मुलगी आली. चाळिशीची, नीटनेटकी, थकलेली. लहानपणापासून ती तिकडच्या शाळेत वाढली होती. वडिलांशी तिचं नातं सुट्टीपुरतं आणि फोनपुरतं. दोघांनी हात हातात घेतले आणि मग काय करावं हे दोघांनाही कळेना, हे मला दारातून दिसत होतं.

मी साहेबांना उठवलं. वेशीपासून मिन्स्टरपर्यंत ते तिच्यासमोर चालले. प्रत्येक नाव घेतलं, अडखळत, पण पुरतं. ती शेजारून चालत होती आणि डोळे पुसत होती. उंच खिडकीशी पोचल्यावर ती म्हणाली, “बाबा, मला कळलं. तुम्हाला यॉर्कला जायचंय. मी तिथे खोली बघते.”

भाईंनी माझ्याकडे विजयाने बघितलं. माझा जीव भांड्यात पडला.

“नो,” साहेब म्हणाले.

मला वाटलं, जीभ घसरली. त्यांनी मान हलवली. यॉर्क नाही. तिने गोंधळून विचारलं, “मग समुद्राकाठची खोली?” पुन्हा नाही. मला इतका संताप आला! एवढं सगळं करून शेवटी हा माणूस नुसता नो म्हणणार होता की काय? मी पुढे होणार, तेवढ्यात त्यांनी डावा हात उचलला आणि मुलीच्या खांद्यावर ठेवला.

“युवर स्ट्रीट,” ते म्हणाले.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्याजवळ राहायचंय असं तिला कुणी कधी म्हटलंच नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, “माझ्या घरात झोपायची खोली वर आहे. ते जिना चढू शकतील का?”

“चढतील,” मी म्हटलं. खात्री नव्हती, तरी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बंगल्याचा जिना धरला. मी त्यांच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला कठडा, खाली भाई, आणि मुलगी मागे. प्रत्येक पायरीला तिच्या रस्त्याचं नाव म्हणायचं, असं ठरलं. तिचा रस्ता होता ऑर्चर्ड क्लोज. साहेबांच्या तोंडात ते बसेना. हजार वर्षांची नावं घडाघडा येत होती आणि हे एवढंसं नाव निसटत होतं, कारण त्या रस्त्यावर ते कधी चाललेच नव्हते. मुलीच्या घरी ते एकदाही गेले नव्हते. मला ते तेव्हा समजलं. तिलाही समजलं असावं, कारण ती प्रत्येक वेळी न कंटाळता नाव सांगत राहिली, पुन्हा आणि पुन्हा, लहान मुलाला शिकवावं तसं.

ते जिन्याच्या वळणापर्यंत आले, थांबले आणि मागे वळून तिच्याकडे बघितलं.

“व्हाय?” त्यांनी विचारलं. “व्हाय ऑर्चर्ड?”

ती म्हणाली, “मला नाही माहीत, बाबा. नवी वसाहत आहे. फळबाग वगैरे मी तरी पाहिली नाही. मी कधी विचारलंच नाही.”

साहेबांनी मान हलवली. शॅम्बल्सच्या वेळी आला होता तसाच राग डोळ्यांत आला, पण तो तिच्यावर नव्हता. शब्द अडला. मी मदतीला तोंड उघडलं तशी भाईंनी खालून हात करून मला गप्प बसवलं.

“वी,” साहेब म्हणाले. मग श्वास घेऊन, “वी विल फाइंड आउट. यू अँड मी.”

मुलगी तिथेच पायरीवर बसली आणि मोठ्याने रडायला लागली. साहेब तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिले, मग कठडा पकडला आणि “ऑर्चर्ड क्लोज” म्हणून वरची पायरी चढले.